झांबेझीकाठचा गुरुवार

एका बाजूनं बबून ओढत होता, दुसऱ्या बाजूनं आमच्या वन्सं, आणि मध्ये नथ घातलेली महालक्ष्मी.

महालक्ष्मी म्हणजे कलशावरचा नारळ. हळदकुंकू लावलेला, काजळानं डोळे काढलेला, मोत्याची नथ अडकवलेला. मार्गशीर्षातला गुरुवार होता आणि आम्ही नणंद-भावजय झांबियात, झांबेझी नदीच्या काठी एका लॉजमध्ये उतरलो होतो. खोलीबाहेरच्या व्हरांड्यात कॉफीच्या टेबलाचा चौरंग करून वन्संनी साग्रसंगीत घट मांडला होता. हा बबून म्हणजे कुत्र्याच्या तोंडाचं दांडगं वानर. तो कठड्यावरून कधी उतरला ते कळलंच नाही. वन्सं डोळे मिटून ध्यान करत होत्या. डोळे उघडले तेव्हा त्याचा हात देवीच्या शेंडीवर होता.

"सोड मेल्या! सोड म्हणते ना!"

वन्सं मिरजेला मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या. त्यांच्या या आवाजानं खिडकीतून अर्ध्या बाहेर गेलेल्या मुली आपोआप आत यायच्या. बबूनही क्षणभर दचकला. पण सोडेना.

"अहो वन्सं, तुम्ही सोडा! नेऊ दे त्याला!"

"नेऊ दे? लक्ष्मी नेऊ दे? वाण्याच्या घरात दिलीय तुला आणि असं बोलतेस?"

मी हाताला आलेला तांब्या फेकला. तो बबूनला लागला नाही, कठड्याला लागला. पण ठणाणा असा झाला की त्यानं नारळ सोडला, फळांतला सगळ्यात मोठा आंबा उचलला आणि झाडावर पसार झाला. जाताना त्यानं वन्संकडे वळून पाहिलं. वजनात मारलं असा संशय आलेलं गिऱ्हाईक आमच्या दुकानातून जाताना असंच बघतं.

वन्सं फरशीवर बसल्या होत्या. केस सुटलेले, नारळ पोटाशी. नथ जागेवर.

"बघितलंस?" त्या धापा टाकत म्हणाल्या. "नाही दिली."

आता हा घट बाहेर का मांडला होता, ते सांगायला हवं. कारण बाहेर मांडायचा नाही, हे आम्हांला बजावून सांगितलं होतं.

वन्संचा मुलगा हेरंब लुसाकाला इंजिनिअर. "आई, या वर्षी तू आणि मामी दोघी या," असं त्यानं फार आग्रहानं म्हटलं, तेव्हा आमच्या दोघींच्या नवऱ्यांनी मिळून इस्लामपूरचं किराणा दुकान आणि टीव्ही सांभाळायचं कबूल केलं आणि आम्ही निघालो. विमानतळावर उतरल्या उतरल्या हेरंबनं नियम सांगितले. पावसाळा आहे, म्हणजे हिवतापाचे दिवस. तेव्हा गोळी रोज, खाण्याबरोबर किंवा दुधाबरोबर. दिवस कलला की लांब बाह्या आणि डासांचं मलम. पाणी बाटलीतलंच. नदीच्या काठाला जायचं नाही, मगरी असतात. फळं बाहेर ठेवायची नाहीत, बबून येतात. आणि कुठलाही प्राणी चावला, ओरबाडला, नुसतं नख लागलं तरी साबणानं चांगलं पाव तास धुवायचं आणि लगेच मला सांगायचं. लपवायचं नाही.

हेरंबनं नियम सांगितले एकदाच. ते चालवायचं काम वन्संनी हाती घेतलं. निवृत्त होऊन त्यांना बरेच दिवस झाले होते आणि हाताखाली मुली नव्हत्या, मी होते. संध्याकाळ झाली की हजेरी सुरू.

"कुंदा, गोळी?"

"घेतली."

"दुधाबरोबर?"

"हो."

"मलम?"

"चोपडलं."

"कानामागं?"

कानामागं राहिलेलं असायचंच. मग त्या स्वतः बोटानं लावायच्या आणि मी नंदीबैलासारखी उभी.

त्यांनी एकदाच नियमाला फाटा द्यायचा विचार केला होता. "हेरंब, या गोळ्या उपवासाला चालतात का रे?" तर तो म्हणाला, "डासाला तुझा उपवास माहीत नसतो, आई." वन्संनी गोळी दुधाबरोबर घेतली आणि त्यानंतर तेच वाक्य स्वतःचं म्हणून मला दोनदा ऐकवलं.

अशी बाई फळं बाहेर मांडते कशी? तर लॉजची खोली मोठी छान, पण संडास-बाथरूम आतच, भिंतीला लागून. एका भिंतीला कमोड आणि तिच्याच दुसऱ्या अंगाला महालक्ष्मी, हे वन्संना मरेतो जमलं नसतं. पूर्वही व्हरांड्याकडं. आणि त्यातून आंबे! डिसेंबरात त्या देशात आंब्यांनी झाडं वाकलेली असतात. मार्गशीर्षाच्या घटाला पिकलेला आंबा मिळतोय म्हटल्यावर वन्सं हरखून गेल्या. "मिरजेत कुणाच्या बापजन्मात झालं नसेल," म्हणाल्या. हेरंब आणि सून मृणाल होडीच्या फेरीची चौकशी करायला ऑफिसकडे गेले होते. "ती दोघं येईतो आटोपतं," असं म्हणून वन्संनी घट बाहेर नेला.

तर फरशीवरून त्यांना उठवायला मी हात दिला, तेव्हा माझ्या तळव्याला ओलं लागलं. पाहिलं तर रक्त. त्यांच्या मनगटाच्या वर, हिरव्या बांगड्यांच्या मागं, तीन लांब ओरखडे होते आणि त्यांतला मधला चांगलाच खोल.

"वन्सं, हे नख लागलंय त्याचं."

त्यांनी पदर ओढून घेतला. "काही नाही. बांगडी फुटली असेल."

"बांगड्या सगळ्या शाबूत आहेत."

त्यांनी ऑफिसच्या वाटेकडे पाहिलं. मग एकदम माझा दंड धरून म्हणाल्या, "हेरंबला सांगायचं नाही."

"असं कसं? त्यानं काय सांगितलं होतं?"

"काय सांगितलं होतं ते मला पाठ आहे. म्हणूनच सांगायचं नाही. इतके दिवस मी तुला नियम शिकवतेय आणि मीच..." त्यांनी वाक्य गिळलं. "आणि ती चौदा इंजेक्शनं पोटात. माझ्या थोरल्या चुलत्यांना दिलेली मी पाहिलीत. चौघांनी धरलं होतं. मला नाही जमायचं."

"पण वन्सं..."

"लक्ष्मीच्या पूजेत लागलंय, काही होत नाही. तुला माझी शपथ आहे कुंदा. माझ्या हाताबद्दल एक अक्षर बोललीस तर."

आता आमच्या घरात शपथ म्हणजे चेष्टा नाही. आपण शपथ मोडली की घालणाऱ्याच्या जिवाला धोका, असं सासूबाईंनी आम्हां सगळ्यांच्या हाडात मुरवलं होतं. म्हणजे बोलले तर वन्संच्या जिवाला धोका, आणि न बोलले तरी वन्संच्याच जिवाला धोका. आमच्या पेठेतल्या दूधवाल्याला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. त्यानं ते लपवलं, अंगारा लावला आणि म्हशी पिळत राहिला. पुढं महिन्याभरानं त्याला पाण्याचा घोट जाईना. मिरजेच्या मोठ्या डॉक्टरांनीही हात जोडले. एकदा त्या रोगानं डोकं वर काढलं की औषध नाही. माणसाला वाचवायचं ते त्याच्या आधीच.

पण पहिलं काम धुण्याचं. त्याला शपथ आड येत नव्हती.

"बरं, नाही सांगत," मी म्हटलं. "पण तुम्ही आता पूजेला बसणार त्या हातानं? त्या मेल्यानं काय काय खाल्लेलं असेल. विटाळ की हो."

ही मात्रा बरोबर लागली. वन्सं ताडकन उठल्या. त्यांना नळाखाली उभं केलं, साबण हातात दिला आणि म्हटलं, "तुमचं ते मोठं स्तोत्र म्हणा, ते संपेतो चोळत राहा." वन्संनी ते दोनदा म्हटलं, एकदा चुकलं म्हणून. पाव तासाच्या वरच वेळ गेला असेल. बाहेर येऊन त्यांनी लांब बाही खाली ओढली, नारळ पुन्हा कलशावर बसवला, कथा वाचली, आरती केली. आवाज जरासा कापत होता. मी टाळ्या वाजवत होते आणि डोक्यात हिशेब चालला होता.

वन्संबद्दल मला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. लग्न होऊन आल्या दिवसापासून बघत आले होते. माझं डोकं दुखलं की त्यांचं अर्धं डोकं उठायचं. मला ताप आला तर त्यांना हुडहुडी. माझ्या बाळंतपणात लोक मला बघायला यायचे आणि वन्संची कंबर धरलेली ऐकून परत जायचे. दुखणं भावजयीचं आणि कौतुकही भावजयीचं, हे त्यांच्या वहीत बसतच नव्हतं.

आणि शपथ होती ती त्यांच्या हाताबद्दल. माझ्या हाताबद्दल बोलायला मला कुणी अडवलं होतं?

मी आत गेले. आरशापुढं उभी राहिले. खांद्यावरची साडीची पिन काढली, दात आवळले आणि मनगटापासून वर लांब रेघ ओढली. रक्त आलं नाही, पण लाल वळ छान उठला. पिन परत लावली आणि बाहेर येऊन हेरंबची वाट बघत बसले.

तो येताना दिसला तशी मी सुरुवात केली.

"हेरंब, अरे, रागावू नकोस हं. बबून आला होता. मला नख लागलं बघ."

वन्संनी निरांजनाची वात सारखी करता करता मान वर केली. त्यांचे डोळे असे झाले होते की मी दुसरीकडे बघू लागले.

पुढं काय विचारता! हेरंबनं माझा हात धरला. मृणालनं खुर्ची दिली, लिंबाचं सरबत दिलं, पाठीवरून हात फिरवला. "मामी, तुम्ही सांगितलंत हे फार चांगलं केलंत. लोक लपवतात." हेरंब म्हणाला, "मामी, कमाल आहे तुमची. एवढं होऊन किती शांत आहात!" मी नम्रपणे कण्हले. वन्सं चौरंगाशी बसून होत्या.

"आई, तू कुठं होतीस तेव्हा?"

"मी? मी ध्यानात होते."

"बरं. आता लगेच दवाखान्यात जायचं. तू खोलीत थांबतेस?"

मी श्वास रोखला. थांबल्या तर सगळा डाव फुकट.

वन्संनी निरांजन बाजूला सरकवलं. मग उठल्या. "येते. ही एकटी घाबरेल."

गाडीत मी पुढं, आणि वन्सं पहिल्यांदाच मागं. रस्त्यावर एक हत्ती आडवा उभा होता. त्याचं आटोपेतो थांबावं लागलं. एरवी वन्संनी त्याला देवाधर्माचा म्हणून नमस्कार केला असता. तेव्हा त्या आपल्या बाहीकडेच बघत होत्या.

जवळच्या लिव्हिंगस्टन गावातल्या दवाखान्यात डॉक्टर चिलेशे म्हणून बाई होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं शांत. नर्सनं वन्संना अदबीनं "या मामा, बसा मामा" म्हटलं. तिकडे वडीलधाऱ्या बाईला असंच म्हणतात. एरवी वन्संनी तिला तिथल्या तिथं दुरुस्त केलं असतं. पण त्या दिवशी त्या मुकाट्यानं बसल्या.

"जखम धुतली का?" डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं.

"पाव तास," मागून वन्सं म्हणाल्या. "साबणानं. वाहत्या नळाखाली."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझा हात उजेडात धरला. रेघ पाहिली, मला पाहिलं, माझ्या खांद्यावरची पिनही पाहिली बहुतेक.

"हा बबून फार सरळ रेघ ओढतो," त्या इंग्रजीतून हळूच म्हणाल्या. हेरंब तेव्हा नर्सपाशी कागद भरत होता.

माझं इंग्रजी दुकानातल्या पुड्यांवर लिहिलेलं असतं तेवढंच. "व्हेरी नीट बबून," मी म्हटलं.

त्यांच्या ओठाची कड हलली. "लस देऊन टाकू. तुम्ही अजून जंगलात फिरणार आहात, वाया जायची नाही." मग हेरंबला समजावून सांगू लागल्या, आणि हेरंब मला मराठीतून, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं.

"मामी, डॉक्टर म्हणतायत, हा रोग एकदा दिसू लागला की इलाज नाही. पण आधी लस घेतली तर माणूस पूर्ण सुरक्षित. थोड्या थोड्या दिवसांनी घ्यायची, उरलेली घरी जाऊन. आणि घाबरू नका, पोटात नाही, दंडात."

"दंडात?" वन्सं म्हणाल्या.

"हो आई. पोटातली कधीच बंद झाली."

नर्सनं सुई भरली. मी दंड पुढं केला आणि टोचायच्या आधीच "आई गं!" म्हणून अशी ओरडले की बाहेरचं मूल रडायला लागलं. हेरंबनं माझा खांदा थोपटला. "झालं, झालं मामी. शूर आहात तुम्ही."

मी डोळे किलकिले करून वन्संकडे पाहिलं. त्या खुर्चीच्या कडेला आल्या होत्या. मग उठल्या, टेबलापाशी आल्या, बांगड्या वर सारल्या, बाही मागं केली आणि हात डॉक्टरीणबाईंपुढं ठेवला.

"मलाही लागलंय," त्या म्हणाल्या. "हिच्यापेक्षा जास्त."

हेरंबचा चेहरा पांढरा पडला. ओरडण्यासाठी त्यानं तोंड उघडलं, मिटलं, आणि आईला मागून घट्ट धरलं. "आई, अगं, का नाही बोललीस?"

"पूजा व्हायची होती."

डॉक्टरीणबाईंनी ओरखडे तपासले. जखमेत वेगळं औषध टोचलं, दंडात लस दिली आणि म्हणाल्या, "वेळेवर आणलंत. काळजीचं कारण नाही." वन्संनी चकार शब्द काढला नाही. फक्त बाहेर पडताना मला म्हणाल्या, "केवढ्यानं ओरडलीस. लाज आणलीस."

मी खाली मान घातली, पण मनात उकळ्या फुटत होत्या. एवढी वर्षं ज्या स्वभावानं माझा छळ झाला, त्याच स्वभावाला गळ लावून मी त्यांना ओढून आणलं होतं. संध्याकाळी उपवास सोडताना वन्संनी मला दोन घास जास्त वाढले. मी म्हटलं, चला, विजयी पक्षाला खंडणी.

घरी परतल्यावरची शेवटची सुई मिरजेला होती. वन्संच्या ओळखीचा दवाखाना, बाकावर आम्ही दोघी. बाहेर ऊन, आत फिनेलचा वास. वन्संनी बाही वर करून ठेवली होती. ओरखड्यांच्या जागी फिकट गुलाबी रेषा राहिल्या होत्या.

"कुंदा," त्या समोर बघत म्हणाल्या, "पुढच्या वेळी पिन वापरशील तर जराशी वाकडी ओढ."

माझा हात आपोआप खांद्यावरच्या पिनेकडे गेला.

"व्हरांड्याच्या दारातून आरसा दिसतो. आणि मी वसतिगृहात जन्म काढलाय. ताप यावा म्हणून काखेत कांदा धरणाऱ्या पोरी पाहिल्यात मी. तुझी ती पिन म्हणजे अगदीच बालवर्ग."

"म्हणजे तुम्हांला सगळं..."

"तू 'मला नख लागलं' म्हणालीस ना, तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत? मला फुकट सुया टोचून घेऊ दिल्यात!"

वन्संनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग सोडलं. पुन्हा गुंडाळलं.

"शपथ घातली आणि लगेच वाटलं, चुकलं. नळाखाली उभी होते तेव्हा तर तेच डोक्यात होतं गं. पण घातलेली शपथ परत कशी घ्यायची? आणि तू काही मोडणार नाहीस, हे मला माहीत. स्तोत्र चुकलं ते त्याच्यापायी. म्हटलं, आता ही गप्प बसणार, मी गप्प बसणार, आणि..." त्या थांबल्या. "मग तू आत गेलीस. आरशात दिसलीस. डोळे गच्च मिटून पिन ओढत होतीस. मला वाटलं, देवीच पावली. गाडीत बसायला निमित्त मिळालं."

"आणि ते 'हिच्यापेक्षा जास्त'?"

"ते खरंच होतं," वन्सं म्हणाल्या. "त्यात काय खोटं?"

मला हसू आवरेना. त्याही हसल्या, पण ओठ मिटून. बाकावरची बाकीची माणसं बघू लागली.

"हेरंबला यातलं कळता कामा नये," त्या सावरून म्हणाल्या.

"शपथ घालताय?"

"छे. नुसतं सांगतेय."

आतून नाव पुकारलं. आम्ही दोघी गेलो. कंपाउंडर तरुण होता आणि त्याचा हात जड होता. त्यानं कापूस चोळला आणि सुई उचलली तशी वन्संनी, न बघता, शेजारी चाचपलं आणि माझं मनगट धरलं. सुई आत जाऊन बाहेर आली तरी सोडलं नाही. त्यांच्या तोंडून आवाज आला नाही. ओरडले ती मीच. या वेळी मनापासून.

संध्याकाळी दुकानात गल्ल्यावर बसले होते. ह्यांनी साखरेचं पोतं उतरवता उतरवता माझ्या हाताकडे पाहिलं. मनगटावर चार नखं चांगली उठली होती.

"हे काय गं लागलं?"

"तुमची बहीण," मी म्हटलं.

ह्यांनी पोतं खाली ठेवलं. घाबरून माझ्याकडे पाहिलं.

"मग? इंजेक्शन घेतलंस ना?"

"सगळी," मी म्हटलं.